चारशे सतराचा नळ

चारशे सतरा नंबरच्या खोलीतला नळ गेली सहा वर्षं गळत होता. म्हणजे रजिस्टरात गळत होता. खोलीत जाऊन पाहिलं असतं तर एक थेंब सापडला नसता, पण जाऊन पाहणार कोण? आणि ज्या अकरा बायकांनी पाहिलं होतं त्या तोंडाला कुलूप लावून होत्या.

चौथ्या मजल्याच्या मावशी या अकराजणींच्या सुपरवायझर. खेळांच्या बागेला चिकटून असलेल्या त्या तीनशे खोल्यांच्या हॉटेलात त्यांची एकोणीस वर्षं गेली. आधी नऊ वर्षं खोल्या झाडल्या, मग हातात किल्ल्यांचा जुडगा आला, कमरेला वॉकीटॉकी आली, आणि तोवर गुडघे गेले. हॉटेलच्या जाहिरातीत ‘निवांत विसावा’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असायचं. निवांत कसलं डोंबलाचं. समोरच तो रुळांवरून माणसं उलटीसुलटी करणारा पाळणा, त्यातून दर चार मिनिटांनी चाळीस माणसं एकदम ओरडायची. कामगारांनी त्याचं नावच ‘किंचाळी’ ठेवलं होतं. तलावापाशी भोंगा, एक वाजता आणि पाच वाजता मुखवटेवाल्यांची मिरवणूक, आणि दिवसभर आईबापांचा हात सोडून पळणारी, मग हरवलो म्हणून रडणारी पोरं. लोक पदरचे पैसे मोडून तिथे दमायला यायचे आणि जाताना मजा आली म्हणायचे.

या सगळ्या गदारोळात चारशे सतरा तेवढी गप्प होती. इमारत बांधताना टेकडी कापलेली, तिचा दगड या खोलीच्या खिडकीपासून दोन हातांवर उभा. पडदा सारला की दगड. असली खोली दिली की पाहुणा भांडायला यायचा, म्हणून ती मुळातच नावडती. पण सबंध इमारत आड आल्यामुळे किंचाळी तिथवर पोचायची नाही. आणि जो आवाज पोचला असता तो बायकांनी पोचू दिला नाही. खोलीच्या अलीकडेच चादरींचं कोठार होतं. सगळ्या ट्रॉल्या तिथेच यायच्या, आणि प्रत्येक ट्रॉलीचं एक चाक वाकडं असतंच, ते खडखडायचं. म्हणून नियम ठरला. ट्रॉली कोपऱ्यावर सोडायची, चपला हातात घ्यायच्या, आणि पुढची तीस पावलं चादरी कवेत धरून चालायचं. पाठीचे तुकडे पडले तरी कुणी ट्रॉली पुढे नेली नाही.

कारण आत कुणीतरी झोपलेली असायची. एकीला चाळीस मिनिटं. चादर ज्याची त्याची, उशी सामाईक, फोन बाहेर. कोण किती घोरलं याची चर्चा नाही. कोठाराच्या दाराला आतून पाळ्यांचा तक्ता लावलेला होता, त्यावर नावं नव्हती, एकेकीचं एकेक चित्र होतं. कंगवा, बटण, चमचा, कात्री. मावशींची किल्ली. हॉटेलच्या प्लंबरचाही त्यात वाटा होता, मंगळवारी दुपारी पाऊण तास. त्याबदल्यात दर तीन महिन्यांनी तो रजिस्टरात वळणदार अक्षरात लिहायचा, ‘४१७, नळ गळतो, भाग मागवला आहे.’ सहा वर्षं तो भाग येतच होता.

चोरी म्हणायची का ही? म्हणा. मावशींना लाज वाटायची नाही. दिवसाला चौदा खोल्या उपसणाऱ्या बाईला टेकायला त्या हॉटेलात एक स्टूल नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत त्या जिन्याच्या पायरीवर बसायच्या, आणि पाहुणा आला की डबा घेऊन उठायच्या. ज्याचं जळतं त्याला कळतं.

पण महिन्यापूर्वी नवे साहेब आले. नव्याचे नऊ दिवस म्हणून सगळ्यांनी कळ काढली, तर दहाव्या दिवशीही ते जिने चढत होते. शुक्रवारी सकाळी त्यांनी बंद खोल्यांची यादी मागवली, चारशे सतरावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “एक नळ, सहा वर्षं? सोमवारी मी स्वतः बघतो.”

आणि नेमकी त्याच शुक्रवारची दुपार मावशींची होती.

मावशी नऊ दिवस दोन-दोन पाळ्या करत होत्या, मजल्यावरच्या दोघी आजारी म्हणून. घरी दीड खोली. लेक दोन महिन्यांची जुळी घेऊन राहायला आलेली. एक झोपलं की दुसरं हक्काने उठायचं. नवरा रात्रपाळीचा राखणदार, तो दिवसा झोपायचा, त्यामुळे दिवसा घरात चमचा खाली पडला तरी सगळे मावशींकडे बघायचे. गुरुवारी तर मावशी लिफ्टमध्ये उभ्या उभ्या झोपल्या आणि लिफ्ट चार वेळा वर-खाली गेली तरी त्यांना पत्ता नाही. पाचव्या वेळी दार उघडलं तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या बायकांनी ते पाहिलं. शुक्रवारी सकाळी तक्त्यावर कंगवा, बटण, चमचा आणि कात्री चौघींवर काट होती आणि चारही चौकटींत किल्ली काढलेली होती. दोन ते चार चाळीस, सलग. मावशींनी तक्त्यावरून नुसतं बोट फिरवलं. बोलायला गेल्या असत्या तर रडू आलं असतं.

दोनला पाच कमी असताना त्या आपली चादर काखेत मारून कोठाराकडे निघाल्या. पाय घोट्यापाशी संपून पुढे नुसत्या विटा बांधल्यासारखे झाले होते. तेवढ्यात कमरेचा वॉकीटॉकी खरखरला.

“मावशी, दोनशे बावीसवाल्या बाई परत आल्यात,” काउंटरवाली मुलगी म्हणाली. “खोली बदलून हव्ये. शांत खोली.”

“तिसऱ्यांदा?”

“चौथ्यांदा. आता माझ्याकडे एकही खोली नाही. तुम्ही जाऊन त्यांची जरा समजूत काढता का? साहेब इथेच उभे आहेत.”

साहेब उभे आहेत म्हटल्यावर बोलणंच खुंटलं. मावशींनी चादर कोठारात ठेवली आणि मनातल्या मनात त्या दोनशे बावीसवाल्या बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करत जिना उतरल्या. शांतता हवी तर घरी बसावं. जत्रेत यायचं आणि कानात बोटं घालायची, हे कुठलं शहाणपण? बुधवारी किंचाळीसमोरची बदलून तलावाकडची खोली दिली, भोंगा नको म्हणाली. मिरवणुकीच्या रस्त्यावरची दिली, तीही नको. मग दोनशे बावीस. बागेपासून सगळ्यात लांब, इमारतीच्या पाठच्या अंगाला. तरी हिचं रडगाणं चालूच.

दार त्या बाईनेच उघडलं. तिशीतली, केस कसेबसे बांधलेले, डोळ्यांखाली काळं. दारावर ‘त्रास देऊ नका’ची पाटी लटकत होती. आत खिडकीजवळच्या खुर्चीत तिच्या सासूबाई बसल्या होत्या. बसल्या म्हणजे खुर्चीच्या कडेला टेकल्या होत्या, आता कुणी हाक मारील आणि उठावं लागेल अशा.

“मावशी, मी तुम्हाला फार त्रास देत्येय, कळतंय मला,” सून म्हणाली. मावशी भांडायच्या तयारीने आलेल्या, त्या जरा अडखळल्या. “पण आई बुधवारपासून झोपल्या नाहीत. त्यांच्यासाठीच आलो आम्ही. आयुष्यात पहिल्यांदा चार दिवस सुट्टी घ्यायला लावली त्यांना. हे लेकीला घेऊन पाळण्यात बसतील, आणि आई तुम्ही नुसतं झोपा, असं ठरलं होतं. उद्या सकाळी तर निघायचं.”

“अगं, राहू दे ना,” सासूबाई म्हणाल्या. “घरी जाऊन झोपेन.”

“घरी कधी झोपलात?”

सासूबाईंनी हात लांबवून पडद्याची चुणी सारखी केली.

काहीतरी तपासल्यासारखं करायचं म्हणून मावशी न्हाणीघरात गेल्या. तोंडावर पाणी मारलं, टॉवेलला हात घातला, आणि हात तिथेच राहिला. सकाळी मजल्यावरच्या मुलींनी टॉवेलचा हत्ती करून ठेवायची हॉटेलची पद्धत. इथे हत्ती नव्हता. टॉवेल तीन पदरी घडी घालून, कडा आत दुमडून, एकावर एक रचलेले होते. ग्लास धुऊन पालथे घातलेले. कचऱ्याच्या पिशवीला गाठ, आणि गाठीला उचलायला सोडलेला कान. मावशींनी कागदाच्या गुंडाळीकडे पाहिलं. तिचं टोक दोन्ही बाजूंनी दुमडून टोकदार त्रिकोण केला होता. घरी असला त्रिकोण कुणी करत नाही. पाहुणाही करत नाही. तो करतो कोण, हे मावशींना दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. आणि बाहेर तर पाटी लटकत होती. म्हणजे सकाळपासून मजल्यावरची कुणी या खोलीत आलेलीच नव्हती.

त्या बाहेर आल्या, पलंगाचे ताणून बसवलेले चारी कोपरे पाहिले आणि सासूबाईंना विचारलं, “किती वर्षं?”

सासूबाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. “बत्तीस,” त्या म्हणाल्या. “आधी मजल्यावर. आता कोठारात.”

“आणि झोप कशाने लागत नाही? त्या किंचाळीने?”

“किंचाळोत बापडे. त्यांचे पैसे, त्यांचे घसे.” सासूबाई जराशा ओशाळल्या. “ट्रॉलीने. डोळा लागतो, तेवढ्यात बाहेर चाक वाजतं. मी ताडकन उठून पाय खाली टाकते. उशीर झाला, चौदा खोल्या राहिल्यात, असं वाटतं. चपला शोधते. मग आठवतं की आपण पाहुण्या. मग कसली झोप? बसून राहण्यापेक्षा म्हटलं, आवरून घ्यावं.”

“आई, हे मला का नाही सांगितलंत?” सून म्हणाली.

“काय सांगू? तू इतक्या हौसेने आणलंस.”

मावशी पलंगाच्या कडेला टेकल्या. पाहुण्यांसमोर टेकायचं नाही हा नियम त्यांनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मोडला. काउंटरवालीने काय करून ठेवलंय ते आता त्यांना दिसलं. बिचारीने पडद्यावर नकाशा बघून दर वेळी बागेपासून लांबची खोली काढली. बागेपासून लांब म्हणजे सामानाच्या लिफ्टजवळ, आणि सामानाच्या लिफ्टजवळ म्हणजे ट्रॉल्यांच्या वाटेवर. दर बदलीला किंचाळी दूर गेली आणि ट्रॉली उशाशी आली. आगीतून फुफाट्यात, तेही तीन वेळा.

तीनशे खोल्यांच्या त्या हॉटेलात जिच्या दारावरून ट्रॉली जात नाही अशी एकच खोली होती.

मोह झाला मावशींना. का होऊ नये? हात जोडायचे, हॉटेल भरलंय म्हणायचं, आणि ते खरंच होतं. वर जाऊन चादर पसरायची. चौघीजणींनी आपल्या डोळ्यांची झोप काढून ती त्यांच्या ओंजळीत घातली होती. ती कुणा परकीला देऊन टाकायचा त्यांना हक्क तरी होता का? आणि सोमवारी साहेब येणार. बंद खोलीत पाहुणी झोपली हे फुटलं तर खोली गेलीच, वर अकराजणींची नोकरी टांगणीला. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे सगळं डोक्यात येत होतं, पण डोकं फार दमलं होतं आणि जीभ त्याच्या आधी बोलून गेली.

“एक खोली आहे. नळ गळतो म्हणून बंद ठेवलीय. चालेल?”

तिघी सामानाच्या जिन्याने वर गेल्या. चौथ्या मजल्याच्या कोपऱ्यावर दोन ट्रॉल्या उभ्या होत्या. मावशींनी सवयीने चपला काढून हातात घेतल्या. सासूबाईंनी ट्रॉल्यांकडे पाहिलं, मावशींच्या हाताकडे पाहिलं, आणि न विचारता आपल्याही काढल्या. सुनेने दोघींकडे पाहून आपले बूट काढले. कोठारात चमचा उभी होती. तिने पाहुण्या बाया पाहिल्या, मावशींकडे पाहिलं, आणि तोंड फिरवून टॉवेल मोजायला लागली. मावशींना ते लागलं.

चारशे सतराचं दार उघडून आत गेल्यावर सून काही क्षण नुसती उभी राहिली.

“अहो, काहीच ऐकू येत नाही इथे,” ती हळूच म्हणाली. “ही तर तुमची सगळ्यात चांगली खोली आहे. मी लिहिणार हं याबद्दल. चारशे सतरा. तुमच्याबद्दल पण लिहिणार. लोक नुसत्या तक्रारी करतात, चांगलं कुणी लिहीतच नाही.” आणि सासूबाईंची पिशवी ठेवून ती लेकीला बघायला खाली निघूनही गेली. तिला ‘लिहू नका’ म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि का ते सांगण्यासारखं नव्हतं.

सासूबाई तोवर न्हाणीघरात गेल्या होत्या. त्यांनी नळ सोडला, बंद केला, आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. थेंब पडला नाही. मग बाहेर येऊन त्यांनी टॉवेलात गुंडाळलेलं गजराचं घड्याळ पाहिलं, पलंगावरची एकच चेपलेली उशी पाहिली.

“आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर होती,” त्या म्हणाल्या. “आमचा गीझर बिघडलेला.”

“होती?”

“मी घालवली.” त्या पलंगावर बसल्या. “एक पाहुणी आली होती, नवीन शस्त्रक्रिया झालेली. दया आली, म्हटलं एक रात्र झोपू दे. झोपली. आणि जाताना तिने वहीत पानभर कौतुक लिहिलं. खोलीच्या नंबरासकट. वाईट नव्हती हो बाई, भलं करायला गेली. आठ दिवसांत गीझर बदलला आणि खोली विकायला काढली. आमच्या बायका माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. चूक त्यांची नव्हती.”

मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. आता पाय उभे राहायलाही तयार नव्हते. “झोपा तुम्ही,” त्या म्हणाल्या. “मी कोठारात पडते जरा.”

“आज पाळी कुणाची होती?”

“माझी.”

“मग पलंग काय एकटीचा आहे?” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी उशी मावशींकडे सरकवली, आपली शाल घडी करून डोक्याखाली घेतली आणि भिंतीकडे सरकल्या. मावशींनी आपली चादर आणून पसरली. सासूबाईंनी पडल्या पडल्या आपल्या बाजूची कड ताणून गादीखाली खोचली. दोघींना एकदमच हसू आलं, पण मोठ्याने हसायचं नाही हा नियम दोघींना ठाऊक होता.

“तुम्हाला मेमो मिळालाय कधी?” थोड्या वेळाने सासूबाईंनी झोपाळलेल्या आवाजात विचारलं.

“नाही.”

“इतक्या वर्षांत एकही नाही?”

“एकही नाही.”

“हं,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा श्वास लांब झाला.

मावशी झोपल्या. किती गाढ झोपल्या ते सांगता येत नाही. चार चाळीसला टॉवेलातलं घड्याळ गुरगुरलं तेव्हा त्यांना आपण कुठे आहोत, आपलं वय काय, काहीच सुचेना. गालावर चादरीची वळी उमटली होती. शेजारी सासूबाई तोंड उघडं टाकून, हात-पाय सैल सोडून झोपल्या होत्या. बत्तीस वर्षांचं सगळं उसनं एकदम फेडायला निघाल्यासारख्या. त्यांना उठवायला मावशींचा हात झाला नाही. संध्याकाळच्या तिघींची पाळी बुडाली. त्या कुरकुरल्या, पण ट्रॉली कुणी पुढे आणली नाही. सासूबाई उठल्या त्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला.

शनिवारी सकाळी मावशी तिसऱ्या मजल्यावर अडकल्या होत्या. धावतपळत काउंटरवर आल्या तोवर गाडी निघून गेली होती.

“गोड माणसं हो,” काउंटरवाली म्हणाली. “अभिप्रायाचा कागद मागून घेतला. दोघी सासूसुना अर्धा तास त्यावर वाकलेल्या. मी विचारलं कुठली खोली, तर म्हणाल्या चारशे सतरा. ती बंद आहे ना हो, मावशी?”

“कागद कुठाय?”

“पेटीत टाकला त्यांनी. पेटीची किल्ली साहेबांकडे असते.”

मावशी कोठारात गेल्या आणि अकराजणींपैकी ज्या हजर होत्या त्यांना सगळं सांगितलं. लपवून उपयोग नव्हता. कुणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चमचाने चादरी उचलल्या आणि म्हणाली, “आम्ही तुम्हाला दिली होती, मावशी. तुम्ही कुणाला दिलीत?” कात्रीने तक्त्याकडे बघून विचारलं, “हा आताच काढून टाकायचा का सोमवारी?” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मावशींचे दोन दिवस कसे गेले ते त्यांनाच माहीत. घरी दोन्ही नातवंडं रविवारी रात्रभर झोपली, तर मावशीच जाग्या.

सोमवारी नऊ वाजता साहेबांनी बोलावलं. प्लंबर आधीच तिथे टोपी हातात घेऊन उभा होता. सकाळी सहाला येऊन त्याने चारशे सतराचा नळ पाना लावून सैल केला होता, पण कौतुकाचं पान हातात पडल्यावर टपटपणाऱ्या नळाला कोण विचारणार?

साहेबांनी कागद उचलला. “हे तुम्हाला ऐकवतो,” ते म्हणाले आणि वाचू लागले.

“‘खोली क्रमांक चारशे सतरा. नळ रात्रभर टपटपत होता. भिंतीला ओल आहे, कुबट वास येतो. खिडकीतून दगडाशिवाय काही दिसत नाही. सबंध रात्र डोळ्याला डोळा लागला नाही. अशी खोली कोणत्याही पाहुण्याला कधीही देऊ नये. ती बंदच ठेवलेली बरी.’”

मावशींनी टेबलाची कड धरली.

“बंद खोली पाहुण्याला दिलीत कशी?” साहेबांचा आवाज चढला. “इतक्या वर्षांच्या अनुभवी तुम्ही. हॉटेलची अब्रू आहे काही?”

“चूक झाली, साहेब,” मावशी म्हणाल्या. आवाज थरथरला, तो साहेबांना भीतीचा वाटला.

साहेब प्लंबरकडे वळले. “दुरुस्तीला काय लागेल?”

प्लंबरने डोकं खाजवलं. “पाइप भिंतीतून जातो, साहेब. चौथ्यापासून दुसऱ्यापर्यंत भिंत फोडावी लागेल. सहा खोल्या महिनाभर बंद.”

“आणि खोलीसमोर दगड,” साहेब स्वतःशीच म्हणाले. त्यांनी यादी ओढली, चारशे सतरापुढे ‘कायम बंद’ लिहिलं आणि सही ठोकली. मग दुसरा कागद काढून मावशींपुढे सरकवला. “हा तुमचा मेमो. या महिन्याच्या फलकावर तुमचा फोटो लागणार होता, तो आता लागणार नाही.”

मावशींनी सही करून मेमो घेतला. एकोणीस वर्षांतला पहिला. त्या दाराशी पोचल्या तेव्हा साहेबांनी पुन्हा कागद पाहिला.

“आणि ही बाई शेवटी काय लिहिते बघा. ‘चादरीच्या घड्या मात्र बरोबर होत्या.’ झोप लागली नाही म्हणते आणि घड्या बघत बसली. म्हणजे काय याचा अर्थ?”

“कुणास ठाऊक, साहेब,” मावशी म्हणाल्या.

सामानाच्या जिन्याच्या दुसऱ्या वळणावर त्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. बरं वाटेपर्यंत रडल्या. मग डोळे पुसून, मेमोची तीन पदरी घडी घालून, कडा आत दुमडून तो कमरेच्या पिशवीत ठेवला.

चौथ्या मजल्याच्या कोपऱ्यावर एक ट्रॉली उभी होती. म्हणजे आत कुणीतरी झोपलेली होती. सगळं बुडतंय असं धरून चालल्या होत्या बायका, तरी जिची पाळी तिने शेवटची म्हणून घेतलीच होती, आणि बाकीच्यांनी ट्रॉली इथेच सोडली होती. कोठाराच्या दारात चमचा उभी होती. तिने भुवई उडवून विचारलं. मावशींनी मान डोलावली, आणि तोंडावर बोट ठेवलं.

मग त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, ट्रॉलीवरच्या धुतलेल्या चादरी कवेत घेतल्या आणि तीस पावलं चालून गेल्या.